लठ्ठपणा : जनुकांचा वाटा किती आणि ताटाचा वाटा किती?



आजचा पाठ एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपण सगळेच मुलांची उंची-वजनं घेतो, प्रगतिपुस्तकात नोंद करायची असते. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वजनकाटा दाराशी ठेवला. एक मुलगी काट्यावरचा आकडा मोठ्यानं सांगायची आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचे. काम भरभर उरकावं, एवढाच विचार. एका मुलाचा नंबर आला. आकडा ऐकला आणि वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, काटा मोडेल!" मी "गप्प बसा रे" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. पण खरं सांगते, माझ्याही चेहऱ्यावर तेव्हा थोडं हसू होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पोषण आहाराच्या पंगतीत बसेना. विचारलं की "भूक नाही बाई" म्हणायचा. आठवडाभर असंच चाललं. शाळा सुटली की मात्र बाहेरच्या टपरीमागे उभा राहून दोन-दोन पाकिटं एकटाच खाताना दिसायचा. म्हणजे चारचौघांत जेवायची लाज आणि एकट्यानं खायची सवय. ही सवय त्याला कुणी लावली? त्या दिवशीच्या माझ्या रजिस्टरनं.

मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "बाई, आमच्या घराण्यातच आहे ते. ह्याचे वडील तसेच, आजोबा तसेच. हाडापेरानंच मोठी माणसं आहेत आमची. त्याला काय करणार?" हेच मी शाळेत एका सहकाऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "घराणं-बिराणं काही नाही हो. तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!"

एकीकडे "रक्तातच आहे", दुसरीकडे "खादाड आहे". मला दोन्ही पटेना, आणि दोन्ही खोडूनही काढता येईना. मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका, डॉक्टर नाही. पण वर्गातल्या मुलाचा प्रश्न होता, म्हणून वाचायला लागले. जे समजलं ते आपल्या नेहमीच्या पद्धतीनं पाठ करून मांडते आहे.

१. लठ्ठपणा म्हणजे नेमकं काय?

शरीरात चरबी असणं वाईट नाही. चरबी म्हणजे शरीराची कणगी. सुगीत भरायची आणि तुटवड्यात काढायची. ती गरजेपेक्षा फार जास्त भरली आणि तब्येतीला त्रास होऊ लागला की त्याला लठ्ठपणा म्हणतात.

मोठ्या माणसांसाठी बीएमआय हे सोपं माप वापरतात. वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग. समजा, वजन ६० किलो आणि उंची दीड मीटर. दीडचा वर्ग सव्वादोन. साठ भागिले सव्वादोन म्हणजे सुमारे २६.७. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा. भारतीयांसाठी मात्र आपल्याकडचे डॉक्टर २३ आणि २५ हे आकडे धरतात. आपल्यासाठी माप कडक का, ते पुढे येईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे आकडे मुलांना लावायचे नाहीत. वाढत्या वयात शरीर दरवर्षी बदलतं. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वेगळे तक्ते असतात आणि ते डॉक्टरांनी वाचायचे असतात. आपण नुसतं बघून "जाड" असा शिक्का मारणं बरोबर नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. आकडा लहान वाटतो, पण वाढ बघा. त्याच सर्वेक्षणात त्याच वयाची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. म्हणजे एकाच देशात, कधी कधी एकाच बाकावर, दोन्ही प्रश्न शेजारी बसलेले आहेत.

२. जनुक म्हणजे काय?

मुलांना मी असं सांगते. आजीकडे पाककृतींची एक वही असते. पुरणपोळी कशी, लोणचं कसं, सगळं त्यात लिहिलेलं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच एक वही आहे. तिचे २३ जोड म्हणजे गुणसूत्रं. प्रत्येक जोडातलं एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. त्यावर लिहिलेली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. माणसात अशी सुमारे २०,००० जनुकं आहेत.

वही जवळजवळ सगळ्यांची सारखीच, पण कुठे एखादं अक्षर वेगळं असतं. कुणाच्या वहीत "मीठ चवीपुरतं", कुणाच्या वहीत "मीठ थोडं जास्त". अशा बारीक फरकांतून माणसामाणसांतले काही फरक येतात.

आणि वहीत कृती आहे म्हणजे पदार्थ तयार झाला असं नाही. त्यासाठी चूल लागते, सामान लागतं. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, शेवटपर्यंत कामाला येईल.

३. "घराण्यातच आहे" हे खरं की खोटं?

आई-वडील आणि मुलं एकाच घरात राहतात, एकाच पातेल्यातलं जेवतात. मग मुलगा वडिलांसारखा झाला तो जनुकांमुळे की पातेल्यामुळे? हे वेगळं कसं करायचं? शास्त्रज्ञांनी दोन युक्त्या केल्या.

*पहिली युक्ती : दत्तक मुलं.* अल्बर्ट स्टंकर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आई-वडिलांशी जुळत होती. ज्यांनी वाढवलं त्या आई-वडिलांशी तिचा तसा संबंध दिसला नाही.

*दुसरी युक्ती : जुळी भावंडं.* एकसारख्या जुळ्यांची जनुकांची वही सारखीच असते. कॅनडात क्लोद बुशार यांनी तरुण जुळ्या भावांच्या १२ जोड्या घेतल्या. ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १,००० किलोकॅलरी जास्त खायला दिल्या. १९९० मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांना जास्तीचं अन्न सारखंच, तरी कुणाचं वजन ४.३ किलोनं वाढलं, तर कुणाचं १३.३ किलोनं! सरासरी ८.१ किलो. आणि एका जोडीतले दोघे भाऊ मात्र एकमेकांच्या आसपासच वाढले.

म्हणजे "तो कितीही खातो पण अंगाला लागत नाही आणि मी पाणी प्यायले तरी जाड होते" या तक्रारीचा पहिला अर्धा भाग अगदीच खोटा नाही. (पाण्याचं मात्र खोटं आहे!) सारखं खाऊनही सगळ्यांची शरीरं सारखी साठवण करत नाहीत.

त्या आईचं म्हणणं इथपर्यंत बरोबर होतं.

४. जनुकं करतात तरी काय?

मला आधी वाटायचं, जाड माणसाची जनुकं चरबी "बनवत" असतील. वाचल्यावर कळलं, की त्यांचं बरंचसं काम पोटात नाही, मेंदूत चालतं. भूक किती लागणार आणि पोट भरल्याचं कधी कळणार, यावर त्यांचा प्रभाव असतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचं जनुक सापडलं. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला निरोप देतं, "कणगी भरलेली आहे, आता पुरे." १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. एकमेकांची नात्यातली चुलत-मावस भावंडं. एक ८ वर्षांचं, वजन ८६ किलो. दुसरं २ वर्षांचं, वजन २९ किलो. जन्मतः ठीक असलेली ही मुलं सतत भुकेलेली असायची, अन्नासाठी आकांत करायची. लोक म्हणत असतील, "आई-बाप किती लाडावतात बघा!" तपासणीत दिसलं, की लेप्टिनच्या जनुकात बिघाड होता. "पुरे" हा निरोप मेंदूपर्यंत कधी जातच नव्हता. पुढे अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर भूक आटोक्यात आली आणि वजन उतरू लागलं.

हा बिघाड अतिशय दुर्मीळ आहे. आपल्या वर्गातल्या मुलाला तो असेल असं अजिबात समजू नका. पण मला त्यातून मोठा धडा मिळाला. भूक हा स्वभावातला दोष नाही, तो शरीरातला निरोप आहे. कुणाला तो मोठ्यानं ऐकू येतो, कुणाला हळू.

बहुतेक माणसांत मात्र एका जनुकाचा खेळ नसतो. वजनाशी संबंध असलेल्या शेकडो जागा आपल्या वहीत सापडल्या आहेत आणि प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. त्यातली सर्वांत प्रसिद्ध एफटीओ, ती २००७ मध्ये सापडली. तिचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि बाबा दोघांकडून आलेली माणसं युरोपीय लोकांत सुमारे १६ टक्के आहेत. हा प्रकार अजिबात नसलेल्यांपेक्षा त्यांचं वजन सरासरी फक्त ३ किलोनं जास्त भरलं.

२००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये शाळकरी मुलांवर याचा अभ्यास झाला. मुलांपुढे जेवण मांडलं आणि कोण काय किती खातं ते मोजलं. हा प्रकार असलेल्या मुलांचं शरीर ऊर्जा कमी जाळत होतं असं दिसलं नाही. ती मुलं जास्त ऊर्जा असलेले, म्हणजे तेल-तूप-साखरेचे पदार्थ जास्त उचलत होती.

म्हणजे बघा, जनुक थेट पोटावर चरबी चिकटवत नाही. ते मुलाचा हात वेफर्सच्या वाटीकडे थोडा जास्त ओढतं. आणि मग प्रश्न उरतो, ती वाटी तिथे ठेवली कुणी?

५. एकच बियाणं, दोन शेतं

लठ्ठपणा ४० ते ७० टक्के आनुवंशिक असतो, असं आपण वाचतो. त्याचा अर्थ बहुतेक लोक चुकीचा घेतात. माझं १० किलो वजन जास्त असेल, तर त्यातले ७ किलो आजोबांनी दिले असा तो अर्थ नाही.

शेताचं उदाहरण घेऊ. एका चांगल्या पाण्याच्या शेतात ज्वारीची मिसळ बियाणी पेरली. खत-पाणी सगळ्यांना सारखं. तरी काही ताटं उंच, काही बुटकी. हा फरक बियाण्याचा. आता तेच मिसळ बियाणं शेजारच्या कोरड्या माळावर पेरलं. तिथेही ताटांत लहान-मोठं आहेच, पण सगळंच पीक बुटकं. या दोन शेतांतला फरक बियाण्याचा नाही, पाण्याचा आहे.

ती टक्केवारी एकाच शेतातल्या ताटांमधल्या फरकाबद्दल बोलते. शेतच बदललं तर काय होईल, हे ती सांगत नाही.

माणसांत असं घडलेलं आहे. पिमा नावाचे आदिवासी अमेरिकेतल्या अॅरिझोनात राहतात आणि त्यांचेच नातेवाईक सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात. अॅरिझोनातले पिमा पूर्वी गिला नदीच्या पाण्यावर शेती करायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला नव्या वसाहतींनी पाणी वळवलं, शेती बुडाली. पुढे मैदा, साखर, चरबी असं बाहेरून आलेलं अन्न त्यांच्या ताटात आलं. मेक्सिकोतले पिमा मात्र शेतात राबत होते आणि मका, घेवडा, बटाटा खात होते. १९९४ मध्ये दोघांची तुलना प्रसिद्ध झाली. सरासरी वजनात २५ किलोपेक्षा जास्त फरक! बियाणं सारखं, शेत वेगळं.

आपल्या घरातलंच बघा ना. आजोबा, वडील आणि मुलगा यांची जनुकं तीन पिढ्यांत बदललेली नाहीत. पण आजोबा चार मैल चालत शाळेत गेले, वडील सायकलवर गेले आणि मुलाला आपण दारातून गाडीवर बसवतो. बदललं ते शेत.

६. आपल्या पुण्याचं संशोधन

आता भारतीयांसाठी माप कडक का, ते पाहू. हे काम आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

डॉ. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. त्यामुळे आपल्याकडे मधुमेहासारखे आजार कमी वयात आणि कमी वजनातही गाठतात.

यातून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मुलाच्या आरोग्याची तयारी आईच्या गरोदरपणातल्या ताटापासून सुरू होते. त्यामुळे सगळ्यांना वाढून उरलंसुरलं सुनेनं खायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. दुसरी, बारीक मुलाला "अंग धरावं" म्हणून बिस्किटं, साखर-तूप आणि गोड पावडरी कोंबणं बरोबर नाही. बारीक मुलालाही डाळ, उसळ, दूध, अंडी, भाज्या आणि खेळ हेच हवं असतं. जाड मुलासाठी एक नियम आणि बारीक मुलासाठी दुसरा, असं नसतं.

७. ताटाचा वाटा

आता सवयींकडे येऊ. माझ्या वर्गातल्या मुलांशी गप्पा मारताना जे दिसलं, तेच लिहिते.

*सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पाकीट.* १०० ग्रॅम बटाटा वेफर्समध्ये ५०० पेक्षा जास्त किलोकॅलरी असतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतही तेवढ्या असतात, हे खरं. पण मूठभर शेंगदाणे चावून खायला वेळ लागतो, त्यात प्रथिनं आणि चोथा असतो, पोट भरल्यासारखं वाटतं. वेफर्सचं पाकीट बोलता बोलता संपतं आणि दुसरं हवंसं वाटतं. अमेरिकेत २०१९ मध्ये केविन हॉल यांच्या गटानं २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मोकळीक देऊन. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. जनुकं तीच, माणसं तीच, फक्त ताट बदललं.

*प्यायची साखर.* कोल्ड्रिंकच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे छोट्या बाटलीतून पाच चमचे साखर पोटात जाते आणि जेवणातली पोळी काही कमी होत नाही.

*मोबाईल दाखवत भरवणं.* पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला थोडा वेळ लागतो. लक्ष पडद्यावर असेल तर तो निरोप ऐकणार कोण?

*"ताटात टाकायचं नाही."* अन्न वाया घालवू नये, ही शिकवण चांगलीच आहे. पण आपण वाढायचं मोठ्या माणसाएवढं आणि संपवायला लावायचं सहा वर्षांच्या पोराला, हे चूक. आधी थोडं वाढा, लागलं तर पुन्हा वाढा.

*बक्षीस म्हणून खाऊ.* "भाजी संपवली तर चॉकलेट." मूल काय शिकतं? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. हे आपण शिक्षकही करतो. उत्तर बरोबर आलं की गोळी देतो. मी आता बंद केलंय. त्याऐवजी पेन्सिल देते किंवा फळ्यावर तारीख लिहायचा मान.

*झोप आणि खेळ.* ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि गोड-तळलेल्याची ओढ जास्त. खेळ रोज किमान एक तास हवा. सव्वादोन लाख मोठ्या माणसांच्या माहितीवरून २०११ मध्ये दिसलं, की एफटीओमुळे येणारा धोका हालचाल करणाऱ्यांत सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे खेळाचा तास कापून गणित घेणं हे आरोग्याच्या हिशोबात महागात पडतं.

८. वर्गात घ्यायचे तीन उपक्रम

उपक्रम १ : चिंचोके आणि खडे. दोन वाट्या घ्या, एक "आई", एक "बाबा". दोन्हीत चिंचोके आणि खडे मिसळून ठेवा. प्रत्येक मुलानं डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून पाच-पाच उचलायचे आणि आपले चिंचोके मोजायचे. कुणाला तीन येतील, कुणाला आठ. (उचललेले परत वाटीत टाकायला सांगा.) एकाच वाटीतून उचलूनही भावंडं वेगळी का, ते मुलांना लगेच कळतं.

आता प्रत्येकाचे चिंचोके म्हणजे एका रोपट्याची वाढ समजा. कोरड्या माळावर वाढ चिंचोक्यांइतकीच. भरपूर पाण्यात वाढ तिप्पट. तीन आणि आठ यांतला फरक माळावर पाचाचा, पाण्यात पंधराचा! बी तेच, पण शेत बदललं की फरकही फुगतो. इथे "रोपटं" असंच म्हणा, माणसाच्या वजनाचं नाव काढू नका. अर्थ आपण समजायचा.

उपक्रम २ : साखरेचे चमचे. मुलांना रिकामी पाकिटं आणि बाटल्या आणायला सांगा. मागचा तक्ता वाचून साखरेचे ग्रॅम शोधायचे, पाचानं भागायचं आणि तेवढे चमचे साखर पारदर्शक ग्लासात ओतायची. भागाकाराचा सराव होतो आणि बाटलीतली साखर डोळ्यांना दिसते. "हे वाईट" असं आपण म्हणायची गरज पडत नाही. (साखर वाया घालवू नका, एकच साखर पुन्हा वापरा.)

उपक्रम ३ : आजीची मुलाखत. "तुझ्या लहानपणी मधल्या वेळेत काय खायचीस? शाळेत कशी जायचीस? काय खेळायचीस?" मुलांनी लिहून आणायचं. माझ्या वर्गात फुटाणे, बोरं, हुरडा, गूळ-शेंगदाणे, शिळ्या भाकरीचा काला अशी यादी झाली. ज्यांच्या घरी आजी नाही त्यांनी शेजारच्या आजींना विचारायचं.

जाता जाता एक सूचना. जीभ गोल करता येते की नाही, हे एका जनुकाचं उदाहरण म्हणून अनेक ठिकाणी शिकवलं जातं. ते चुकीचं आहे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, असं आढळलेलं आहे. त्या उदाहरणावरून एखाद्या मुलाला उगाच आई-वडिलांबद्दल शंका यायला नको.

९. काय करावं, काय टाळावं

*शिक्षकांसाठी*
- वजन एकेकाला बाजूला बोलावून घ्या. आकडा मोठ्यानं वाचू नका.
- जाड्या, ढब्बू, टुणटुण ही नावं वर्गात चालू देऊ नका. "गमतीनं म्हटलं" हे कारण मान्य करू नका.
- संघ पाडताना जाड मुलाला नेहमी "राखीव" ठेवू नका. लगोरी, शिवणापाणी, लंगडी यांत सगळ्यांना घ्या.
- शाळेच्या आवारात आणि त्यापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय घ्या. टपरीवाल्या दादांशी भांडू नका, त्यांना फुटाणे, चिक्की, पेरू, काकडी ठेवायला सुचवा.

*पालकांसाठी*
- एकट्या मुलाचं ताट बदलू नका. घराचं बदला. वडिलांना वडापाव आणि मुलाला काकडी, हे चालत नाही.
- मुलाला उपाशी ठेवू नका, मनानं "डाएट" करू नका. वाढत्या वयात पुष्कळदा वजन कमी करायचं नसतं, आहे तिथे धरून ठेवायचं असतं. उंची वाढली की ते जुळतं.
- जे खायला नको ते घरात आणूच नका. जनुकं हात ओढतील, पण डबाच नसेल तर हात जाणार कुठे?

*डॉक्टरांकडे कधी जावं?* पाच वर्षांच्या आतच वजन झपाट्यानं वाढत असेल आणि भूक भागतच नसेल, वजन वाढतंय पण उंची वाढत नसेल, मानेवर-काखेत काळपट जाडसर त्वचा दिसत असेल, झोपेत मोठ्यानं घोरणं असेल, तर घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

समारोप

त्या मुलाच्या आईला मी पुन्हा भेटले. म्हटलं, "ताई, तुमचं खरं आहे. घराण्यातून काहीतरी आलेलं आहे. पण म्हणून हात टेकायचे नाहीत. उलट ज्याचं बियाणं असं आहे त्याच्या शेताला जास्त जपायला हवं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, मला वाटलं तुम्ही पण मला बोल लावायला बोलावलंय." त्याच्या वडिलांना मधुमेह आहे, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आता ते दोघे बापलेक संध्याकाळी मळ्यापर्यंत चालत जातात.

त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. नाव न घेता म्हटलं, "त्या दिवशी बाईंचं चुकलं. कुणाचं वजन हसण्यासारखं नसतं." त्यानं मान वर केली नाही. पण दोन दिवसांनी तो खिचडीच्या पंगतीत येऊन बसला. शेजारच्या मुलानं सरकून जागा दिली.

त्याचं वजन किती कमी झालं, असं मला अनेकांनी विचारलं. ते मी सांगणार नाही. तो आकडा आता त्याचा आणि त्याच्या आई-वडिलांचा आहे.

यंदाच्या जूनमध्ये तुमच्या शाळेत वजनकाटा निघेल, तेव्हा तो दाराशी ठेवू नका. आत, कोपऱ्यात ठेवा. तुमच्या वर्गात तुम्ही काय करता, तेही जरूर कळवा.